‘इज’ की ‘आर’? इंग्रजीतल्या या गोंधळाचं उत्तर दुधाच्या पिशवीत

‘टेन थाउजंड रुपीज ___ अ बिग अमाउंट.’ रिकाम्या जागी ‘इज’ येईल की ‘आर’?

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या कोणत्याही अभ्यासिकेत हा प्रश्न टाकून बघा. एक जण म्हणेल, रुपये दहा हजार आहेत, ‘रुपीज’च्या शेवटी ‘एस’ आहे, म्हणजे अनेकवचन, म्हणजे ‘आर’. दुसरा म्हणेल, ‘अरे, पैशांची रक्कम आली की ‘इज’, नोट्समध्ये नियम दिलाय.’ दुसऱ्याचं उत्तर बरोबर आहे. पण त्यालाच लगेच विचारा, की मग ‘टेन थाउजंड पीपल’ला ‘इज’ का चालत नाही? तो नोट्सची पानं उलटायला लागतो.

गंमत वाटेल, पण यात खरेखुरे गुण अडकलेले असतात. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या ‘सीजीएल’ परीक्षेत पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न असतात. प्रत्येकाला 2 गुण, आणि उत्तर चुकलं तर अर्धा गुण वजा. म्हणजे एका ‘इज’ऐवजी ‘आर’ निवडला, की बरोबर उत्तर देणाऱ्याच्या तुलनेत उमेदवार थेट अडीच गुणांनी मागे पडतो. बँकांच्या भरती परीक्षांमध्येही चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या पाव हिस्सा गुण कापले जातात. कर्ता आणि क्रियापदाचा मेळ हा अशा परीक्षांमध्ये हमखास विचारला जाणारा भाग. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेली मुलं त्याच्या नियमांच्या लांबलचक याद्या पाठ करतात. परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र नेमका तोच नियम आठवत नाही, किंवा दोन नियम एकाच वेळी आठवतात.

खरं तर यातले निम्मे नियम पाठ करण्याची गरजच नाही. मराठी बोलणारा माणूस ते रोज वापरतो. फक्त इंग्रजी शिकवताना त्याला त्याची आठवण कोणी करून देत नाही.

शाळेतला नियम कुठे तुटतो?

शाळेत शिकवलेला नियम सोपा असतो. वाक्यात ‘ऑफ’ आला, की त्याच्या आधीचा शब्द बघा, तोच खरा कर्ता. ‘द कलर ऑफ द फ्लॉवर्स इज रेड.’ फुलं अनेक आहेत, पण लाल आहे तो रंग, म्हणून ‘इज’. ‘द बॉक्स ऑफ मँगोज इज हेवी.’ जड आहे ती पेटी. इथपर्यंत नियम चोख चालतो.

आता ‘हाफ ऑफ द वॉटर’ आणि ‘हाफ ऑफ द स्टुडंट्स’ घ्या. ‘ऑफ’च्या आधी दोन्हीकडे तोच ‘हाफ’ आहे. तरी पहिल्याला ‘इज’ लागतो आणि दुसऱ्याला ‘आर’. टक्क्यांचंही तेच. ‘सिक्स्टी पर्सेंट ऑफ द वॉटर इज’, पण ‘सिक्स्टी पर्सेंट ऑफ द स्टुडंट्स आर’. सगळ्यात मोठा धक्का ‘लॉट्स ऑफ टाइम’ देतो. ‘लॉट्स’ हा शब्द उघड उघड अनेकवचनी दिसतो, तरी इंग्रज माणूस ‘देअर इज लॉट्स ऑफ टाइम’ असंच म्हणतो. म्हणजे इथे नियम पूर्ण उलटला. ‘ऑफ’च्या आधीचा शब्द गप्प बसला आणि नंतरच्या शब्दाने क्रियापद ठरवलं.

क्लासमध्ये यावर उपाय म्हणून ‘अपवाद’ नावाची वेगळी यादी दिली जाते. अपूर्णांक, टक्केवारी, ‘लॉट ऑफ’, ‘प्लेंटी ऑफ’, ‘मोस्ट ऑफ’, ‘सम ऑफ’, ‘ऑल ऑफ’... यादी वाढतच जाते. पण ज्या नियमाला इतके अपवाद आहेत, तो नियमच अर्धवट सांगितला गेलाय, अशी शंका यायला हवी.

आता हीच वाक्यं मराठीत म्हणून बघा. साठ टक्के पाणी वाया गेलं. साठ टक्के विद्यार्थी पास झाले. निम्मं पाणी सांडलं. निम्मे विद्यार्थी गेले. भरपूर वेळ आहे. भरपूर मुलं आहेत. कोणी ‘साठ टक्के पाणी वाया गेले आहेत’ असं म्हणेल का? पाचवीतलं पोरही म्हणणार नाही. ‘टक्के’ अनेकवचनी आहे म्हणून आपण गडबडत नाही, कारण टक्के हे फक्त माप आहे आणि वाया गेलंय ते पाणी, हे बोलणाऱ्याला माहीत असतं. इंग्रजीचा नियम नेमका हाच आहे.

मोजायचं की मापायचं?

मराठीत दोन वेगळी क्रियापदं आहेत, मोजणं आणि मापणं. बोलताना आपण ती सरमिसळ वापरतो, पण फरक कळतो. अंडी मोजतात, दूध मापतात. एमपीएससीसाठी मराठी व्याकरण वाचलेल्यांना ‘पदार्थवाचक नाम’ ही संज्ञा आठवत असेल. दूध, साखर, कापड, सोनं, म्हणजे ज्यांची संख्या सांगता येत नाही, लिटर, किलो किंवा मीटर सांगावे लागतात, अशी नावं. इंग्रजीच्या तासाला ज्याला ‘अनकाउंटेबल’ म्हणतात, त्यातला मोठा भाग हाच. एकाच अभ्यासिकेत, एकाच टेबलावर, मराठीच्या पुस्तकात पदार्थवाचक नाम आणि इंग्रजीच्या पुस्तकात अनकाउंटेबल नाम वाचलं जातं, आणि दोन्ही एकच आहेत हे कित्येकांच्या लक्षातही येत नाही.

इंजिनीअरिंग केलेल्यांसाठी दुसरी भाषा वापरायची तर एक डिस्क्रीट, दुसरं कंटिन्युअस.

आता दुधाकडे या. ‘दुधाच्या दोन पिशव्या फुटल्या.’ ‘दोन पिशव्या दूध नासलं.’ दोन्ही वाक्यांत दोन पिशव्या आहेत आणि दोन्हींत दूध आहे. पण पहिल्यात क्रियापद पिशव्यांच्या मागे गेलं, दुसऱ्यात दुधाच्या. का? फुटतात त्या पिशव्या, नासतं ते दूध. पहिल्या वाक्यात पिशवी ही वस्तू आहे, दुसऱ्यात ती निव्वळ माप आहे. लिटर म्हणा, पातेलं म्हणा, फरक पडत नाही.

दुष्काळी भागात हाच फरक दर उन्हाळ्यात ऐकू येतो. ‘पाण्याचे तीन टँकर आले’ आणि ‘गावाला तीन टँकर पाणी पुरत नाही.’ इंग्रजीतही तसंच. ‘थ्री टँकर्स हॅव कम’, कारण रस्त्यावरून तीन गाड्या आल्या. पण ‘थ्री टँकर्स ऑफ वॉटर इज नॉट इनफ’, कारण प्रश्न गाड्यांचा नाही, पाण्याचा आहे. हे ज्याला मराठीत कळतं, त्याला इंग्रजीत वेगळं शिकवायला काही उरत नाही. फक्त वाक्य वाचून स्वतःला एक प्रश्न विचारायचा: इथे वस्तू मोजल्या जाताहेत, की एक अख्खं माप सांगितलं जातंय?

मग सुरुवातीच्या दहा हजार रुपयांचं काय? मराठीत तर ‘दहा हजार रुपये लागले’ असंच म्हणतात, अनेकवचनात. इथे मराठी आड येते, असं वाटू शकतं. पण जरा वाक्य बदला. ‘दहा हजार रुपये ही मोठी रक्कम आहे.’ ‘पाच वर्षं हा मोठा काळ आहे.’ ‘वीस किलोमीटर हे काही कमी अंतर नाही.’ मराठी बोलणारा आपसूक मध्ये ‘ही’, ‘हा’, ‘हे’ घालतो आणि पुढचं क्रियापद एकवचनी करतो. पाच वर्षांची गाठोडी बांधून त्याचा एक ‘काळ’ केला जातो. इंग्रजीत ‘हा’ लिहायची पद्धत नाही, पण गाठोडं बांधलेलं असतंच: ‘फाइव्ह इयर्स इज अ लाँग टाइम.’

म्हणून परीक्षेत उपयोगी पडणारी साधी चाचणी अशी. इंग्रजी वाक्याचं मराठी करताना ‘ही रक्कम’, ‘हा काळ’, ‘हे अंतर’, ‘हे वजन’ असं मध्ये बसतंय का? बसलं तर ‘इज’. ‘टेन थाउजंड पीपल’च्या मध्ये असं काही बसत नाही. मोर्चातली दहा हजार माणसं ही दहा हजार माणसंच राहतात, म्हणून ‘आर’. आणि ‘फाइव्ह इयर्स हॅव पास्ड’ हेही का बरोबर, ते याच चाचणीने सुटतं. तिथे वर्षं एकामागून एक सरली, गाठोडं बांधलंच नाही.

‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’ या जोडीवरही इतका घाम गाळायची गरज नाही. ‘द नंबर ऑफ’ म्हणजे संख्या: विद्यार्थ्यांची संख्या वाढली आहे, ‘हॅज’. ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे कित्येक: कित्येक विद्यार्थी आले आहेत, ‘हॅव’. भाषांतर केलं की उत्तर हातात. जुन्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. पुढे ‘इंग्रजीतून विचार करा, भाषांतर करू नका’ असं सांगायची पद्धत पडली. बोलायला शिकताना तो सल्ला योग्य असेलही. पण व्याकरणाचा हा एक कोपरा असा आहे, की इथे भाषांतर करणारा मुलगा यादी पाठ करणाऱ्यापेक्षा पुढे जातो.

मराठी जिथे चकवते

अर्थात प्रत्येक वेळी मराठीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. माझे केस गळतात, असं मराठी माणूस म्हणतो. त्याचं इंग्रजी ‘माय हेअर इज फॉलिंग’. डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच ‘हेअर’. जेवणात सापडला तर मात्र तो ‘अ हेअर’, मोजता येणारा. तांदूळ निवडले, पोहे भिजवले, ही मराठी अनेकवचनं आहेत. इंग्रजीत ‘राइस’ एकवचनी. उलट कात्री एक, चष्मा एक, पँट एक. पण इंग्रजीत ‘सीझर्स आर’, ‘ग्लासेस आर’, ‘ट्राउझर्स आर’. दोन पाती, दोन काचा, दोन पाय. ‘अ पेअर ऑफ सीझर्स’ म्हटलं की मात्र जोडी एक झाली, पुन्हा ‘इज’.

बातमी हा आणखी एक सापळा. मराठीत बातम्या लागतात, एक बातमी फुटते. इंग्रजीत ‘न्यूज’ शेवटी ‘एस’ घेऊन फिरतो आणि तरी एकवचनी. शेक्सपिअरच्या काळी तो दोन्ही प्रकारे चालत होता, नंतर एकवचन पक्कं झालं. ‘मॅथेमॅटिक्स’ आणि ‘मीझल्स’ यांच्या बाबतीत मात्र मराठी पुन्हा मदतीला येते: गणित अवघड आहे, गोवर आला आहे. ‘पोलीस आले’ म्हणतो तसंच ‘द पोलीस आर’.

दीड या आकड्याची तर वेगळीच तऱ्हा. मराठीत दीड तास लागला आणि दोन तास लागले. म्हणजे मराठीचं अनेकवचन दोनपासून सुरू होतं. इंग्रजीचं एकाच्या जरा पुढे गेलं की लगेच: ‘वन अँड अ हाफ अवर्स’. शून्यालाही ‘झिरो डिग्रीज’. पण नाम अनेकवचनी झालं म्हणून क्रियापद होईलच असं नाही. ‘वन अँड अ हाफ अवर्स इज इनफ’, कारण शेवटी तो एकच कालावधी आहे.

आणि एके ठिकाणी इंग्रजी अर्थालाच झुगारून देते. ‘मोअर दॅन वन स्टुडंट इज अ‍ॅबसेंट.’ एकापेक्षा जास्त म्हणजे किमान दोन, मग ‘इज’ कसा? ‘वन स्टुडंट’ हे शब्द क्रियापदाच्या शेजारी आहेत म्हणून. ‘मेनी अ मॅन’चाही असाच प्रकार. इथे तर्क लावू नये, हे दोन पाठच करावेत. ‘लार्ज क्वांटिटीज ऑफ सँड हॅव बीन रिमूव्हड’ यातही ‘सँड’ एकवचनी असून क्रियापद ‘क्वांटिटीज’च्या मागे जातं. ‘लॉट्स’ झिजून नुसता ‘भरपूर’ झालाय, ‘क्वांटिटीज’ अजून तितका झिजलेला नाही, एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

फर्निचर मोजता येत नाही, हे ठरवलं कोणी?

नोकरीच्या अर्जांमध्ये, ऑफिसच्या मेलमध्ये ‘इन्फॉर्मेशन्स’, ‘इक्विपमेंट्स’, ‘फर्निचर्स’, ‘फीडबॅक्स’, ‘सॉफ्टवेअर्स’ सर्रास दिसतात. चुकणाऱ्याचा तर्क तसा बिनतोड असतो. खुर्च्या मोजता येतात, टेबलं मोजता येतात, मग फर्निचर का नाही?

उत्तर असं, की मोजता येणं हा वस्तूचा गुण नाही, शब्दाचा आहे. मराठीत सामान हा शब्द बघा. पाच बॅगा असल्या तरी ‘सामान आलं’, ‘सामाने आली’ कोणी म्हणत नाही. ‘माहिती मिळाली’ म्हणतो, माहितीचं अनेकवचन सहसा करत नाही. म्हणजे ‘इन्फॉर्मेशन्स’ ही चूक मराठीतून आलेलीच नाही. ‘अनेकवचन करायचं तर एस लावा’ हा शाळेतला सराव जरा जास्तच मुरल्याचा तो परिणाम आहे. माहिती आणि सामान या दोन मराठी शब्दांची आठवण ठेवली, तरी मेलमधल्या बऱ्याच चुका टळतील.

इंग्रजीत वाटाणे मोजतात आणि तांदूळ मोजत नाहीत, त्यालाही फार मोठं शास्त्र नाही. वाटाण्यासाठी जुना शब्द होता ‘पीझ’, आणि तो राइससारखाच ढिगासाठी वापरला जायचा. शेवटचा ‘झ’ लोकांना अनेकवचनाच्या ‘एस’सारखा ऐकू आला. मग एकवचन म्हणून त्यातून ‘पी’ काढला गेला, आणि वाटाणा मोजता येऊ लागला. ऐकण्यातल्या एका गफलतीने एक धान्य पदार्थातून वस्तूत गेलं.

उलट प्रवास तर टपरीवर रोज होतो. चहा सांडला, तो पदार्थ. ‘दोन चहा आले’, त्या वस्तू. इंग्रजीत ‘कॉफी इज हॉट’ आणि ‘टू कॉफीज आर रेडी’ यात हाच फरक आहे.

दोन्ही उत्तरं बरोबर असतील तर?

खरी अडचण इथे आहे, आणि तिचा दोष विद्यार्थ्याकडे जात नाही. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांनी 1985 मध्ये लिहिलेलं इंग्रजीचं मोठं व्याकरण प्रमाण मानलं जातं. त्यात कर्ता-क्रियापदाच्या मेळाची तीन तत्त्वं दिली आहेत: शब्दाच्या रूपाप्रमाणे, अर्थाप्रमाणे, आणि शेजारच्या नामाप्रमाणे. ही तीन तत्त्वं पुष्कळदा एकच उत्तर देतात, कधी कधी वेगवेगळी. वेगळी आली की चांगलं इंग्रजी लिहिणारेही दोन्ही रूपं वापरतात.

‘नन ऑफ द स्टुडंट्स’ला ‘इज’ की ‘आर’? दोन्ही चालतात. ‘टू अँड टू इज फोर’ की ‘आर फोर’? दोन्ही. इंग्रजी शाळेतली पोरं ‘टू टूज आर फोर’ असा पाढा घोकतात आणि पुढच्याच तासाला ‘टू प्लस टू इज फोर’ म्हणतात, कोणाचं काही बिघडत नाही. ‘डेटा’ मूळ लॅटिनमध्ये ‘डेटम’चं अनेकवचन. अमेरिकेतल्या मानसशास्त्र संघटनेच्या, म्हणजे एपीएच्या शैलीत शोधनिबंध लिहिताना आजही ‘डेटा आर’ असंच लिहावं लागतं. ब्रिटनच्या ‘गार्डियन’ची शैली ‘डेटा इज’ सांगते. दोघांपैकी कोणाला अडाणी म्हणायचं?

वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकेत मात्र चारच पर्याय आणि त्यातला एकच बरोबर. ‘नन ऑफ’ किंवा ‘डेटा’वर प्रश्न काढला, की इंग्रजी येतं की नाही याऐवजी प्रश्न काढणाऱ्याच्या कपाटात कुठलं पुस्तक आहे याची परीक्षा होते. आणि अर्धा गुण कापला जातो तो विद्यार्थ्याचा. असे प्रश्न काढूच नयेत, ही अपेक्षा फार मोठी नाही. ‘टेन थाउजंड रुपीज’ विचारा, ‘द नंबर ऑफ’ विचारा, ‘हाफ ऑफ द वॉटर’ विचारा, तिथे उत्तर एकच आहे आणि विचार करून ते काढता येतं. जिथे मोठी व्याकरणंच दोन्ही रूपं मान्य करतात, ते शब्द प्रश्नपत्रिकेबाहेर ठेवायला कोणाची हरकत असावी?

तोवर उमेदवारांनी परीक्षेपुरतं जपून वागावं. ‘नन ऑफ’पुढे पाणी, पैसा असं मापायचं काही असेल तर ‘इज’ला पर्यायच नाही. मोजायच्या वस्तू असतील, तर त्या परीक्षेच्या मागच्या काही वर्षांच्या अधिकृत उत्तरतालिका चाळाव्यात आणि तिथली पद्धत धरावी. डेटाच्या बाबतीतही तेच. मोबाइलवर मॉक टेस्ट सोडवताना मध्येच नेट बंद पडलं, तर मात्र कोणीही न अडखळता सांगतो, ‘आजचा दीड जीबी डेटा संपला.’